जुन्या ट्रकचं वायरिंग: बिघाड पकडायचा कसा

इंजिन बिघडलं तर धूर सोडतं, आवाज करतं, तेल गाळतं. काय दुखतंय त्याचा अंदाज तरी येतो. वायरिंगचं तसं नाही. घरून निघताना सगळे दिवे लागतात आणि चोर्ला घाटात धुक्यात शिरलं की हेडलाइट जातात. मग माणूस मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे, जातो. मेस्त अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) बदलतो, कटआउट (चार्जिंगचा रेग्युलेटर) बदलतो, शेवटी बॅटरी बदलतो आणि पुढच्या पावसात गाडी परत तिथंच उभी राहते.

गोव्यात याला एक खास कारण आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. त्या काळात डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागात टिपर (हौदा उचलून माल ओतणारे ट्रक) अंगणात आणि माळावर वर्षानुवर्षं उभे होते. उभ्या गाडीचं इंजिन एकवेळ सावरतं, वायरिंग कुजतं. उंदीर इन्सुलेशन कुरतडतात, कनेक्टरमध्ये मुंग्या माती भरतात आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा आपला पाऊस तांब्याचा हिरवा भुगा करतो. त्यातल्या कित्येक गाड्या आता चिरे, खडी, माती वाहण्यासाठी नव्या मालकांच्या हातात आल्यात. काहींना वडिलांची गाडी आली, काहींनी स्वस्तात घेतली. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

सांगायचं मुख्य एकच: वस्तू बदलण्याआधी मोजा, आणि मोजताना बिघडलेला दिवा, हॉर्न किंवा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) चालू ठेवून मोजा. जुन्या ट्रकात बिघाड बहुतेक वेळा जोडात, अर्थमध्ये (करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जातो ती जोडणी) किंवा फ्यूजच्या चिमट्यात असतो. अल्टरनेटर आणि सेल्फ बिचारे उगाच बदनाम होतात.

हे सगळं साध्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. देशभर बीएस-४ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आलं एप्रिल २०१७ मध्ये. त्याच्या आसपासच्या आणि पुढच्या ज्या गाड्यांत ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आहे, त्यांच्या सेन्सरच्या वायरींना खाली सांगितलेला टेस्ट लॅम्प लावू नका. आतलं सर्किट जळू शकतं.

१. सामान आणि कागद जमवा

- डिजिटल मल्टिमीटर. हजाराच्या आतला चालतो. कंटिन्युटीला (वायर सलग आहे का ते बघताना) बीप वाजणारा आणि दहा अँपिअरची रेंज असलेला घ्या.
- टेस्ट लॅम्प. हा घरीच करा: गाडीच्या व्होल्टेजचा २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी, टोकांना मगर क्लिप. एलईडीचा पेनासारखा टेस्टर या कामाला नको, का ते पाचव्या पायरीत कळेल.
- क्रिंपिंग पक्कड, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची कडी), हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी), गाडीच्या वायरिंगची बहुतारी वायर.
- बारीक पॉलिश पेपर, वायर ब्रश, पेट्रोलियम जेली, डिस्टिल्ड वॉटर.
- फ्यूज, प्रत्येक अँपिअरचे दोन-चार जास्तीचे.
- वही, पेन, मोबाइलचा कॅमेरा. कुठलीही वायर काढण्याआधी फोटो.
- लाकडाचे मजबूत ठोकळे.

ठोकळ्यांचं वेगळं सांगतो. टिपरच्या मागच्या दिव्यांची वायर चेसिसवरून, हौद्याखालून जाते. हौदा उचलून खाली वाकण्याआधी गाडीचा स्वतःचा सेफ्टी प्रॉप लावा आणि वर ठोकळाही द्या. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या हौद्याखाली एक मिनिटही डोकं घालायचं नाही, हौदा रिकामा असला तरी नाही.

कागदांत आरसी बुकाची झेरॉक्स जवळ ठेवा. स्पेअर पार्टच्या दुकानात मॉडेल, साल आणि चेसिस नंबर विचारतात आणि अंदाजाने सांगितलं की चुकीचं कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगखालचं दिवे-इंडिकेटरचं) गळ्यात पडतं. त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम मिळाला तर सोनं. जुन्या वर्कशॉप मॅन्युअलात तो असतो. ओळखीच्या गॅरेजात विचारा, झेरॉक्स काढा, प्लॅस्टिकमध्ये घाला. आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट कधी संपतं ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

२. गाडी १२ ची की २४ ची ते आधी ठरवा

दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्ट, असं धरून चालू नका. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला असेल तर २४. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असेल तर १२, फक्त ताकद दुप्पट. मीटर लावून खात्री करा आणि चालू असलेल्या एखाद्या बल्बवर काय छापलंय तेही वाचा. २४ च्या गाडीत १२ चा बल्ब लावताक्षणी उडतो. उलट १२ च्या गाडीत २४ चा बल्ब लागला असेल तर तो तांबूस, मेलेला जळतो आणि लोक दिवसभर अर्थ शोधत बसतात.

३. बिघाडाची जबानी घ्या

हात लावण्याआधी वहीत लिहा. कधी होतं? पावसात, खड्ड्यात, गाडी धुतल्यावर, की हेडलाइट लावले की? एकच वस्तू बंद आहे की सगळी गाडी?

सगळीच मेली असेल तर बॅटरी, मेन स्विच, जाड केबल, मेन फ्यूज एवढंच बघायचं. एकच वस्तू बंद असेल तर तिचा फ्यूज, स्विच, बल्ब आणि अर्थ. एका फ्यूजवरच्या तीन-चार वस्तू एकदम गेल्या तर तो फ्यूज किंवा त्याला येणारी वायर. आणि विचित्र काही घडत असेल, म्हणजे ब्रेक दाबला की पार्किंग मंद होतं, इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे त्याच्याबरोबर डोळे मिचकावतात, तर नव्वद टक्के अर्थ. करंटला परतीची वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बातून वाट काढतो.

इंडिकेटर एका बाजूला भराभर उडायला लागला, किंवा जुन्या फ्लॅशरवर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) ठप्प झाला, तर आधी त्या बाजूचे बल्ब बघा. एखादा गेलेला असतो. त्यासाठी फ्लॅशर घ्यायला धावू नका.

४. बॅटरी आणि जाड केबली

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२ व्होल्टच्या चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास यायला हवं. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. २४ च्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. त्यांच्यात अर्ध्या व्होल्टचाही फरक नको. फरक असेल तर बहुतेक कुणीतरी म्युझिक सिस्टिम किंवा १२ चा हॉर्न एकाच बॅटरीवरून काढलाय. हा गोव्यातल्याच नाही, सगळीकडच्या ट्रकांचा जुना रोग आहे. ती एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उकळते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. १२ ची वस्तू लावायचीच असेल तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हाच मीटर बॅटरीवर धरा. १२ च्या गाडीत ९.६ च्या खाली जाऊ नये, २४ च्या गाडीत १९ च्या खाली. खाली गेलं तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जाम आहे. बॅटरीवर व्होल्टेज छान टिकतं आणि तरी सेल्फ नुसता ‘टिक’ करून गप्प बसतो, तर दोष मधल्या रस्त्यात आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर (क्लँपवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर) आणि दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. हे दोन्ही टोक एकाच केबलचे, म्हणजे मीटरवर शून्याच्या जवळ काही यायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर तेवढं व्होल्टेज केबलीत, मेन स्विचमध्ये किंवा सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट सोडणारा चुंबकी स्विच) तांब्यात वाया जातंय. मग एकेक टप्पा तसाच मोजत जा, दोषी सापडतो. गाडीवर हात फिरवूनही कळतं: सेल्फ मारल्यावर जो जोड गरम लागतो तोच खराब.

टर्मिनल काढताना मायनस आधी काढा, जोडताना मायनस शेवटी. पान्याचा दुसरा शेंडा बॉडीला लागला की प्लसवर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन त्या ठिणगीची वाटच बघत असतो.

५. अर्थ: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ट्रकात प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे चेसिसचं लोखंड. त्या लोखंडावर आपल्याकडे काय साचतं? खनिजाची आणि मातीची तांबडी धूळ, तिच्यावर पाऊस, जेटीवर लोड घेणाऱ्या गाड्यांना वर खारं वारं, आणि दर दोन वर्षांनी मारलेला रंग. मालक गाडी चकाचक रंगवतो आणि पेंटर अर्थच्या बोल्टवरही ब्रश मारतो.

मीटर इथेच फसवतो. समजा मागच्या दिव्याच्या वायरीचा तांबा जोडात कुजलाय आणि तारा जेमतेम टेकल्यात. बल्ब काढून मोजलं तर मीटर पूर्ण २४ दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. बल्ब लावला की बरंचसं व्होल्टेज त्या कुजक्या जोडातच संपतं. कुळागराला (सुपारीच्या बागेला) पाणी नेणारा पाइप मध्येच चेपला असेल तर शेवटची तोटी बंद असेपर्यंत प्रेशर पूर्ण असतं. तोटी सोडली की करंगळीएवढी धार. म्हणून २१ वॅटचा बल्ब हवा. तो २४ व्होल्टवर जवळजवळ एक अँपिअर आणि १२ वर पावणेदोन अँपिअर ओढतो. लपलेला दोष त्याच्यापुढे उघडा पडतो. एलईडीचा टेस्टर मीटरसारखाच भोळा.

पद्धत अशी:

दिवा चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर. काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर पक्कं करा. लांब वायर लागेल, ती आधीच करून ठेवा. लाल टोक दिव्याच्या होल्डरच्या बॉडीवर टेकवा. चांगला अर्थ असेल तर ०.१–०.२ व्होल्ट येईल. एक, दोन, पाच व्होल्ट आले तर अर्थ गेलेला. आता लाल टोक होल्डरवरून ब्रॅकेटवर, ब्रॅकेटवरून चेसिसवर, चेसिसवरून बॅटरीच्या अर्थ बोल्टवर असं सरकवत या. ज्या दोन जागांमध्ये आकडा धपकन पडतो, त्यांच्यामध्ये गंज आहे.

हे कष्ट कशासाठी? तर दिव्याला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड साधारण तीस टक्के घटतो. ‘हेडलाइट मंद आहेत, जास्त वॅटचे बल्ब घालू’ म्हणणाऱ्याचे पैसे वाया जातात; वर वायर आणि स्विच तापतात ते वेगळंच.

इंजिनाची अर्थ पट्टी वेगळी बघा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यात तांब्याची विणलेली पट्टी असते. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झालं की ती परत लावायची राहते. मग सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीतून, इंजिन बंद करण्याच्या तारेतून वाट काढतो. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर केबल तापत असेल, तर दुसरं काही शोधू नका.

दुरुस्ती करताना बोल्ट काढा, दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज लोखंड चमकेपर्यंत घासा, नवीन लग, दात्यांचा वॉशर, आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी आणि घासणं नंतर, असं काही लोक करतात. त्याचा उपयोग नाही. मागच्या दिव्यांसाठी मी तर वेगळी अर्थ वायर थेट चेसिसच्या मुख्य बोल्टपर्यंत आणतो. दोनशे-तीनशे रुपयांच्या वायरीत पावसाळ्याची कटकट संपते.

६. फ्यूज सारखा उडतो तेव्हा

जुन्या टाटा गाड्यांत चिनीमातीचे, टोकाला निमुळते फ्यूज असतात. पांढरा ८ अँपिअर, तांबडा १६, निळा २५. पात्याच्या नव्या फ्यूजमध्ये तांबडा १०, निळा १५, पिवळा २०. म्हणजे ‘तांबडा दे’ म्हटलं तर दुकानदार कुठला देईल याचा नेम नाही, अँपिअर सांगा.

फ्यूज गेलाय असं वाटलं की आधी तो चिमट्यात नुसता फिरवून बघा. कित्येकदा चिमटाच हिरवा झालेला असतो आणि फिरवल्यावर दिवा लागतो. चिमटे घासा, थोडे आत वाकवा.

खरोखर उडत असेल तर सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळायची नाही. जुन्या ट्रकच्या केबिनला लागलेल्या आगी अशाच चांदीतून सुरू होतात. त्याऐवजी फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प लावा आणि त्या सर्किटचे सगळे बल्ब काढून ठेवा. शॉर्ट असेल तर लॅम्प पूर्ण उजेडाने पेटेल, आणि फ्यूजही उडणार नाही, वायरही जळणार नाही. आता निवांत गाडीच्या मागून पुढे एकेक कनेक्टर सोडत या. ज्या कनेक्टरला लॅम्प विझला, त्याच्या मागच्या, म्हणजे मागच्या दिव्यांकडच्या, तुकड्यात शॉर्ट आहे. मग त्या तुकड्याला हाताने हलवत, पिळत जा आणि एक डोळा लॅम्पवर ठेवा. लॅम्प लुकलुकला की तीच जागा.

७. वायर कुठे तुटते त्या जागा

पूर्ण हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) उघडत बसू नका. आधी या जागा बघा:

- केबिनमधून चेसिसवर उतरताना पत्र्याच्या भोकातलं रबर. रबर झिजलं की पत्रा वायर कापतो.
- टिपरच्या हौद्याच्या बिजागरीजवळ आणि मागच्या क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या पट्टीवर). लोड ओतताना दगड आपटतात.
- मागच्या दिव्यांचा कनेक्टर. उघडलात की आत चिखल निघेल.
- स्टिअरिंगखाली, जिथे कॉम्बिनेशन स्विचच्या वायरी सारख्या वळतात.
- एक्झॉस्टजवळून गेलेली सेल्फची वायर.
- बॅटरी बॉक्सचा तळ. अ‍ॅसिड सांडून वायर आतून कुजते, वरून धड दिसते. बोटाने दाबा, मऊ, फुगीर लागली तर कापा.
- सीटखाली आणि डॅशबोर्डमागे, जर गाडी वर्ष-दोन वर्षं उभी होती तर. उंदरांची घरटी तिथेच.

शेवटी मागच्या मालकाने जोडलेलं जादा काम: रंगीत दिवे, म्युझिकल हॉर्न, पंखा, जीपीएस. यांच्या वायरींना बहुधा फ्यूजच नसतो. संशय आला की ते सगळं सोडवून बाजूला करा आणि मूळ गाडी तपासा. माझ्या मते अर्धे बिघाड इथेच निघतात.

८. आकडे वाचायला शिका, रंगांवर विसंबू नका

टाटांनी ट्रक बांधायला सुरुवात केली ती १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी करार करून, त्यामुळे त्यांच्या जुन्या गाड्यांत आणि बॉशच्या स्विच-रिलेंवर (रिले म्हणजे करंटने चालणारा स्विच) जर्मन पद्धतीचे आकडे भेटतात. एकदा पाठ केले की डायग्राम नसतानाही काम निघतं:

३० म्हणजे बॅटरीचा थेट करंट. १५ म्हणजे चावी फिरवल्यावरचा. ३१ अर्थ. ५० सेल्फचा सोलेनॉइड. ४९ फ्लॅशरला येणारा, ४९ए फ्लॅशरमधून जाणारा. ५४ ब्रेकलाइट. ५६ए अप्पर, ५६बी डिपर. ५८ पार्किंग. रिलेवर ८५ आणि ८६ ही कॉइल, ३० ला करंट येतो आणि ८७ मधून वस्तूकडे जातो.

लेलँडची परंपरा ब्रिटिश, तिथे लुकास पद्धत. आणि इथे सापळा आहे. जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ. लुकास पद्धतीत तीच तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट. एका गाडीवर शिकलेला पोरगा दुसऱ्या गाडीची तपकिरी वायर बॉडीला लावतो आणि धूर निघतो. त्यात वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत प्रत्येक मेस्ताने हाताला लागेल त्या रंगाची वायर टाकलेली असते. त्यामुळे रंग बघा, पण आधी लॅम्प लावून खात्री करा.

९. चार्जिंग

इंजिन मधल्या वेगावर, दिवे बंद: १२ च्या गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.४, २४ च्या गाडीत २७.६ ते २८.८. मग हेडलाइट, वायपर, सगळं लावा. थोडं उतरेल, पण बंद इंजिनाच्या आकड्यापेक्षा वर राहायला हवं. फार वर गेलं, १५ किंवा ३० च्या पुढे, तर रेग्युलेटर गेला. बल्ब सारखे उडतात आणि बॅटरीचं पाणी आटतं ते यामुळेच.

चार्ज होत नसेल तर अल्टरनेटर उतरवण्याआधी तीन गोष्टी बघा: पट्टा सैल आहे का, मागच्या जाड बोल्टची वायर सैल आहे का, आणि चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतो का. तो न लागणं ही नुसती दिव्याची तक्रार नाही. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या छोट्या बल्बमधूनच मिळतो. दहा-वीस रुपयांचा बल्ब जातो आणि लोक अल्टरनेटर रिवाइंड करून आणतात.

चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढून ‘चार्जिंग बघायची’ जुनी रीत सोडा. व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) जातात. हौद्याला वेल्डिंग करतानाही तसंच: आधी बॅटरीचं मायनस काढा, अल्टरनेटरच्या वायरी सोडा आणि वेल्डिंगचा अर्थ काम चाललंय त्याच्या अगदी जवळ लावा. गॅरेजवाला ‘काय होत नाही’ म्हणेल. स्वतः उभे राहून काढून घ्या.

१०. रात्रीत बॅटरी उतरते

चावी बंद, सगळं बंद. बॅटरीचा मायनस काढून त्या जागी टेस्ट लॅम्प मध्ये लावा. लॅम्प स्पष्ट पेटला तर मोठी गळती. नाही पेटला तर मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर मध्ये लावा. साध्या जुन्या ट्रकात जवळजवळ शून्य यायला हवं. जीपीएस किंवा स्टिरिओ असेल तर ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. मग एकेक फ्यूज काढत जा. आकडा ज्याच्यावर पडला ते सर्किट. कुठलाच फ्यूज काढून फरक नाही पडला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, डायोड गळत असेल. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतो.

११. जोड असा करा

घरातल्या लाइट फिटिंगची वायर ट्रकात नको. तिच्या तारा कमी आणि जाड असतात, हादऱ्यांनी तुटतात. हेडलाइटला २४ च्या गाडीत दीड स्क्वेअर मिलिमीटर आणि १२ च्या गाडीत अडीचची वायर घ्या. कारण साधं आहे: १२ व्होल्टवर ६०-६० वॅटचे दोन बल्ब दहा अँपिअर ओढतात, २४ वर ७५-७५ चे दोन सव्वासहाच.

हिरवा पडलेला तांबा सोलून जोडू नका. चकचकीत तांबा दिसेपर्यंत मागे कापा, तुकडा वाढवा. जोडण्याआधी स्लीव्ह वायरीत घाला, नाहीतर जोड झाल्यावर आठवतं. पिळून वर काळी टेप हा गोव्यात एका पावसाचा जोड आहे. उन्हात गोंद सुटतो आणि टेपच्या आत पाणी साचून राहतं. क्रिंप करा, आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवा, आणि कनेक्टरचं तोंड खाली राहील असं बांधा. वायर कनेक्टरच्या आधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जातं.

१२. मेस्ताकडे कधी जायचं

वायर जळाल्याचा वास आला, इन्सुलेशन वितळलं, किंवा हार्नेसचा मधला भागच कुजलाय, तर मेन स्विच बंद करून चांगल्या वायरमनला बोलवा. पण जाताना ‘लाइट बघ रे’ एवढंच सांगू नका. ‘मागच्या डाव्या दिव्याच्या अर्थवर तीन व्होल्ट पडतात’ असं सांगा. पुढचं बोलणंच बदलतं, बिलही. काढलेला जुना पार्ट परत मागून घ्या आणि नवीन हार्नेस टाकला असेल तर कुठल्या रंगाची वायर कुठे गेली ते त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्या.

१३. पावसाआधी आणि फिटनेसआधी

आठ वर्षांवरच्या ट्रकला फिटनेस दरवर्षी करावा लागतो. तारीख जूनच्या पुढे असली तरी वायरिंगचं काम मे महिन्यात उरका. पावसात ओल्या चेसिसखाली पाठ टेकून कुणालाच नीट काम होत नाही. वायपरची मोटर, हॉर्न, दोन्ही हेडलाइट अप्पर-डिपर, चारही इंडिकेटर, ब्रेकलाइट, रिव्हर्स, सगळं एकदा पाण्याचा पाइप मारून ओल्या गाडीवर तपासा. कोरड्या गाडीवर पास झालेला दिवा ओल्यावर नापास होतो.

मग भरलेली एक खेप मारून या, खराब रस्त्याने. परत आल्यावर नवे जोड, फ्यूज बॉक्स आणि मेन स्विच यांना हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. आणि फिटनेसला नेण्याच्या आदल्या संध्याकाळी मागे जाऊन नंबर प्लेटचा दिवा बघा. मोठे दिवे सगळे बघतात, हा हमखास राहतो.